ग्रहणातला पेरू

पहिला काप तोंडातून जातो. बुइन्सच्या, म्हणजे शरीर न कुजता टिकवायच्या, द्रावात राहून पिवळंजर्द आणि रबरासारखं घट्ट झालेलं उंदराचं पिल्लू डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं, उजव्या हातात दाढीचं कोरं ब्लेड, आणि ओठांच्या फटीतून शिरून थेट कानांखालून पलीकडे, आडवं, एका दमात. ब्लेड मागेपुढे केलं की चिंधी होते. मग वरची चकती उलटी करून भिंगाखाली ठेवायची. आत टाळू दिसते, करंगळीच्या नखाहून लहान, आडव्या वळ्यांची, मधोमध सांधा. सांधा नीट जुळलेला असला की रजिस्टरात 'नॉर्मल' लिहून पुढचं पिल्लू घ्यायचं.

ही पद्धत जेम्स विल्सन यांनी 1965 साली लिहून ठेवली आणि अजून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मी ती 1994 मध्ये शिकले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि गावाबाहेरच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली. नवं औषध गाभण उंदरिणींना सहाव्या दिवसापासून द्यायचं, विसाव्या दिवशी पोट उघडायचं, अर्धी पिल्लं बुइन्समध्ये, अर्धी अलिझरिनच्या लाल रंगात, हाडं बघायला. घरी मी 'औषधं तपासते' एवढंच सांगायचे. ब्लेडचं आईला कधी बोलले नाही. आमच्या घरात कापाकापीचा विषय काढायचा नाही हे न सांगता ठरलेलं होतं, आणि त्याचं कारण मीच होते.

16 फेब्रुवारी 1980, शनिवार. दुपारी सूर्यग्रहण. हैदराबादकडे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, पण भीती पूर्ण सोळा आणे. दांडिया बाजारात एरवी सायकलींच्या घंट्या थांबत नसत, त्या दिवशी कुत्रंसुद्धा दिसेना. आईला पाचवा महिना होता. आजीने तिला माजघरात पाटावर बसवलं होतं, हातात जपमाळ. कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, काडीसुद्धा मोडायची नाही. मी सात वर्षांची, तापातून नुकती उठलेली, सकाळपासून उपाशी. आजी देवघरात गेली तशी मी आईच्या कानाशी लागले. फळीवर जामफळं होती. (आम्ही बडोदेकर पेरूला जामफळही म्हणतो, समोर कोण आहे त्यावर आहे.) माझे पुढचे दात पडलेले, अख्खं फळ चावेना. आईने विळी हळूच ओढली, पातं वाजू नये म्हणून सावकाश उभं केलं आणि चार फोडी करून दिल्या. देठाचा तुकडा तिने पदरात लपवला. संध्याकाळी तो आजीला सापडला.

जूनच्या मध्यावर भाऊ झाला. वरचा ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, आत टाळूही उघडी.

आजी काही भांडखोर बाई नव्हती. ती एकदाच बोलली, "विळीनं काय केलं बघ." पुढची पंधरा वर्षं पुरलं ते. शेजारच्या काकी दारातूनच विचारून गेल्या, "बेन, ग्रहणमां कंई कापेलुं?" भिंतीच्या अलीकडे मराठी, पलीकडे गुजराती, शास्त्र मात्र एकच. आईने खाली मान घातली. पेरू कोणासाठी चिरला ते तिने कोणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

दुधाचे हाल झाले. बाळाला दूध ओढायला तोंडातली हवा कोंडता यावी लागते, छपरालाच भोक असेल तर ओढणार काय? मग त्याच आजीने माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं. एक घोट, थांब, नाकातून आलेलं पूस, पुन्हा एक घोट. वाटीभर दुधाला तास. मराठीने टाळू हा एकच शब्द दोन जागांना दिलाय. डोक्यावरची टाळू आजी रोज तेलाने भरायची आणि तोंडातली तशीच उघडी. पाचव्या महिन्यात ओठ शिवला, दीड वर्षाचा असताना टाळू. तरी बोलताना हवा नाकाकडे निसटायची. 'ब' म्हणायला हवा क्षणभर ओठांमागे अडवावी लागते, ती निसटली की उरतो 'म'. त्यामुळे तो बाबांना कितीतरी दिवस 'मामा' म्हणायचा. खरा मामा खूश, आणि बाबा निमूट ओ द्यायचे.

एम.एस्सी.ला आम्हाला कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास होता. हॅचरीतून फलित अंडी आणायची, ट्रे लुनाच्या पायाशी ठेवून, आणि आजीच्या नजरेला पडू नयेत म्हणून घरावरून न येता रावपुऱ्याकडून वळसा घालून. कवचाला बोटाच्या पेराएवढी खिडकी पाडायची, बघून झालं की चिकटपट्टी लावून पुन्हा 38 अंशांच्या पेटीत. तिसऱ्या दिवशी एक लाल ठिपका उडताना दिसतो, ते काळीज. पाचव्या दिवशी मी पहिल्यांदा चेहरा बघितला. चेहरा म्हणजे काय, दोन मोठाले डोळे आणि त्यांच्यामध्ये मातीच्या गोळ्यावर अंगठा दाबल्यासारखे उंचवटे. माणसाचंही असंच सुरू होतं. कपाळाकडून एक उंचवटा खाली येतो, त्याच्यावर नाकपुड्यांच्या कडा उठतात, गालांकडून दोन पुढे सरकतात, हनुवटीचे दोन खालून. ते वाढत वाढत एकमेकांना टेकतात, टेकल्यावर मधली पातळ कातडी विरते आणि दोन्हीकडचं मांस एक होतं. माणसात वरचा ओठ असा सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू त्यानंतर, बाराव्या आठवड्याच्या आत.

मी खिडकीवर वाकून बसले होते आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. भावाचा ओठ कोणी चिरला नव्हता. चिरायला आधी अखंड असावा लागतो. तो जुळलाच नव्हता.

आता एवढं साधं आमच्या शाळेच्या पुस्तकात का नव्हतं, हा माझा जुना राग आहे, तो असो.

कोंबडीच्या अंड्याने चेहऱ्याबद्दल फार शिकवलंय. चेहऱ्याची बहुतेक हाडं ज्या पेशींपासून होतात त्या मुळात चेहऱ्याच्या नसतातच, मेंदू जिथे घडत असतो त्याच्या काठावरून त्या निघतात आणि चालत पुढे येतात. फ्रान्समध्ये निकोल ल दुआराँ यांनी 1969 पासून लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवून हा प्रवास टिपला. लाव्याच्या पेशींचं केंद्रक रंगवल्यावर वेगळं दिसतं, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं ते कळतं. पुढे 2003 मध्ये अमेरिकेत बदकाच्या पेशी लाव्यात आणि लाव्याच्या बदकात घालून बघितल्या. चोच यजमानाची न येता पाहुण्यांची आली. लाव्याला पसरट बदकी चोच!

पण टाळूच्या बाबतीत कोंबडी कामाची नाही. पक्ष्यांची टाळू जन्मभर उघडीच असते, मधोमध फट, आणि त्यांचं त्यात काही बिघडत नाही. उलट मगरीची टाळू आपल्यासारखी बंद, आपल्याहून लांब, म्हणून पाण्यात तोंड उघडं ठेवूनही नाकाने श्वास घेता येतो. मार्क फर्ग्युसन नावाच्या संशोधकाने 1980च्या दशकात अमेरिकन ॲलिगेटरच्या अंड्यांवर टाळूचाच अभ्यास केला. हे वाचल्यापासून काळाघोड्याच्या पुलावरून जाताना विश्वामित्रीच्या काठावर जबडा वासून पडलेली मगर दिसली की लोक दात बघतात, मी टाळू बघायचा प्रयत्न करते. पुलावरून काही दिसत नाही.

म्हणून शेवटी उंदीर. पिल्लाची टाळू दोन पडद्यांची बनते. ते पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात, मग माइसमध्ये, म्हणजे आमच्या उंदरांच्या लहान भाऊबंदांत, साधारण चौदाव्या दिवशी, काही तासांत, जीभ खाली सरते, पडदे वर उचलतात आणि आडवे होऊन मधे भेटतात. माणसातही हाच क्रम, फक्त आठवड्यांच्या हिशेबात. ही उचल हुकली, उशिरा झाली, पडदे आखूड पडले, भेटूनही मधली कातडी विरली नाही, यातलं काहीही झालं तरी बाहेरून दिसणारं एकच: दुभंगलेली टाळू.

आईच्या वागण्याला दोष देणं ही फक्त आमच्या आजीची खोड नव्हती. युरोपातही गर्भारपणी ससा आडवा गेला की पोराचा ओठ सशासारखा होतो असं मानत. दुसऱ्या टोकाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ म्हणत की जे काही आहे ते रक्तात, गर्भाशयात बाहेरचं काही पोचतच नाही. 1933 मध्ये टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला 11 पिल्लं झाली, एकालाही बुबुळ तर सोडाच, डोळ्याचा गोळाच नव्हता. आईच्या खाण्यातली उणीव पिल्लाच्या चेहऱ्यापर्यंत पोचते हे त्या डुकरिणीने दाखवलं.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातला क्लार्क फ्रेझर यांचा प्रयोग, 1951 च्या सुमाराचा. गाभण माइसना कॉर्टिझोन टोचलं. ए-जे वाणाच्या पांढऱ्या माइसमध्ये झाडून सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगली. सी-57 वाणाच्या काळ्या माइसना तेवढंच औषध, तेव्हाच दिलं, तर पाचातल्या जेमतेम एकाची. का? पुढे उकललं ते असं, की ए-जे वाणात पडदे मुळातच उशिरा उचलतात. म्हणजे घरातूनच उशिरा निघालेला माणूस, वाटेत रेल्वेचं फाटक लागलं की गाडी चुकलीच. काळ्या उंदराच्या हाताशी दहा मिनिटं जास्तीची असतात, तो फाटकाशी थांबूनही पोचतो. मग गाडी चुकली ती फाटकामुळे की उशिरा निघाल्यामुळे? दोन्हीमुळे आणि दोन्हींपैकी एकामुळेही नाही. याच पांढऱ्या कुळाच्या एका शाखेत तर काहीही न टोचता चार-पाचांतल्या एका पिल्लाचा ओठ दुभंगतो. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचा संकर करून तयार केलेले उंदीर, सगळ्यांची जनुकं सारखी, पोट एक, खाणं एक, पिंजरा एक. तरी हा जुळला आणि शेजारचा नाही.

माणसाऐवजी तपासलेल्या या प्राण्यांच्या भरवशावर किती राहायचं, ते गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने 1961 मध्ये जगाला दाखवलं. हजारो मुलं हातपाय खुरटलेली जन्मली, आणि नंतर उंदरांना तेच औषध देऊन बघितलं तर उंदरांना फारसं काही होईना. सशांना झालं. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एका खोलीत उंदीर आणि दुसऱ्या खोलीत ससे. उंदीर खोटं बोलत नाही, तो उंदराबद्दलचं खरं सांगतो. आपण ते आपलं म्हणून ऐकतो.

त्या खोल्यांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर मी स्वतःला सोडून दिल्यासारखं होईल. पत्र्याच्या दारामागे बारा तास दिवा, बारा तास अंधार, साळीच्या तुसांचा आणि मुताचा वास केसात बसायचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून आपल्याकडे 1960 पासून कायदा आहे, प्रयोगांवर देखरेख करणारी समिती 1964 पासून, आणि प्रत्येक संस्थेला स्वतःची नीती समिती नेमायला लावणारे नियम 1998 चे. मी तोवर नोकरी सोडून शिकवायला लागले होते. आमच्या वेळी प्रश्न विचारायला बाहेरचं कोणी यायचं नाही, आम्हीही स्वतःला फार विचारले नाहीत. तीन वर्षांत मी किती तोंडांतून ब्लेड फिरवलं याचा आकडा माझ्याकडे नाही. रजिस्टरात असेल.

एकच पिल्लू वेगळं लक्षात आहे. ते कापायच्या गटातलं नव्हतं. त्या तुकडीत उंदरिणींना विऊ देऊन पिल्लं वाढताना बघायची होती. जन्मलेल्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटाच्या डाव्या बाजूला प्यालेलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसतं. सकाळी पहिलं काम ते: कोणाच्या पोटात दूध आहे, कोणाच्या नाही. घरी आजीही बाळाचं पोट चाचपून हेच बघायची. त्या दिवशी अकरा पिल्लांच्या पोटात पट्टा होता. बारावं कोपऱ्यात एकटं, पोट फुग्यासारखं टम्म, आत नुसती हवा. चिमट्याने तोंड उघडलं. टाळू मधोमध उघडी.

मी धावत जाऊन गट बघितला. वाटलं, औषधाचा परिणाम सापडला. कार्डावर लिहिलं होतं: कंट्रोल. त्या उंदरिणीला साधं पाणी दिलं होतं.

दुसऱ्या सकाळी पिंजऱ्यात अकराच पिल्लं होती. मेलेलं पिल्लू आई खाऊन टाकते, हे नेहमीचंच. रजिस्टरात त्याला 'बेपत्ता' म्हणतात. बोंडलं घेऊन बसणारं तिथे कोणी नव्हतं.

आता हे शास्त्र कुठल्या कुठे गेलंय. 2008 मध्ये कॅन्सस सिटीच्या स्टोवर्स संस्थेत पॉल ट्रेनर यांच्या गटाने ट्रीचर कॉलिन्स या विकाराचे माइस घेतले. त्यात गालाची हाडं, कान, जबडा खुरटतात, कारण चेहऱ्याकडे निघायच्या पेशी वाटेला लागायच्या आधीच मरतात. त्यांना मरायला सांगणारं पी-53 हे प्रथिन अडवलं आणि पिल्लांचे चेहरे नीट झाले. पण तेच पी-53 आपल्याला कर्करोगापासून राखतं. गरोदर बाईला ते अडवणारं औषध कोण देणार? उंदरात जमलं, आणि उंदरातच थांबलं. भावाच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं, "पुढच्या पिढीत येईल का?" तेव्हा मी सांगितलं, शंभरात साधारण चार. मुलीचे वडील बँकेतले, म्हणाले, "चार टक्के चालेल." भाऊ मिशीतल्या मिशीत हसला. मिशी त्याने त्या व्रणावरच राखलीय. त्याच्या दोन्ही मुलींचे ओठ धड आहेत आणि दोघी अखंड बोलतात.

पण माझं घोडं अडलंय ते 1995 पाशी. 24 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सूर्यग्रहण. मला सातवा महिना. दिवस राहिल्यापासून साहेबांनी मला फॉर्मालिनपासून लांब रजिस्टरावर बसवलं होतं. आजी तोवर गेलेली. आईने फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली, विळी, सुऱ्या, कात्री, माझ्या नवऱ्याची दाढीची पेटीसुद्धा फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि मला त्याच पाटावर बसवलं. मी बसले. ब्लेड फिरवणारी मी, सगळं माहीत असून, हात मांडीवर ठेवून बसले, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

बाहेर उजेड मळकट व्हायला लागला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. अंड्याची खिडकी, उंचवटे, सातवा आठवडा. बोटांवर उलटं मोजून दाखवलं: तो जूनमध्ये झाला, म्हणजे त्याचा ओठ जुळायची वेळ नोव्हेंबरातच होऊन गेली होती, टाळूची फार तर डिसेंबरात. फेब्रुवारीत तू पेरू चिरलास तेव्हा जे व्हायचं ते होऊन दोन महिने झाले होते. विळीचा काही संबंध नाही.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल. ती मोजत बसली.

"नोव्हेंबर म्हणजे कार्तिक," ती म्हणाली. "कार्तिकात मी काय केलं होतं गं? तुळशीच्या लग्नाला ऊस मोडला होता. एकादशी निर्जळी केली होती. की त्या तापाच्या गोळीनं झालं असेल?"

पंधरा वर्षं तिने दोष फेब्रुवारीत ठेवला होता. मी तो उचलून तिच्या कार्तिकात नेऊन दिला.

मग मी तिला पांढऱ्या उंदरांचं सांगितलं, एका पोटातल्या, एका रक्ताच्या, तरी एकाचा ओठ जुळलेला आणि एकाचा नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे पोचत नाहीये. मग त्या बाराव्या पिल्लाचं सांगितलं. पोटातली हवा, उघडी टाळू.

"काय दिलं होतं त्याच्या आईला?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी. बाकी काही नाही."

ती बराच वेळ गप्प होती. "मग पुढे काय झालं त्याचं?" तिने विचारलं, आणि मी म्हटलं, गेलं. कसं ते नाही सांगितलं.

ग्रहण सुटलं. तिने अंघोळ केली, मला करायला लावली, माळ्यावरचं गाठोडं खाली घेतलं. विळी धुऊन पुसून जागेवर ठेवताना, माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं,

"गोड होतं का गं जामफळ?"

"कच्चं होतं," मी म्हटलं.

"तरी चारही फोडी खाल्ल्यास."